सहा इंची की दहा इंची

ताई, रविवारी लोकांनी तुला तारा करून टाकलं.

आपल्याच अंगणात, पुण्यानुमोदनाच्या मांडवाखाली. तुझ्या जुन्या दवाखान्यातले डॉक्टर बोलायला उभे राहिले, गहिवरले आणि म्हणाले, "शकुंतला सिस्टर आता आकाशात तारा होऊन आपल्याकडे पाहत आहेत." सगळ्यांनी माना वर केल्या. वर मांडवाचं पिवळं कापड आणि एक पंखा. तू असतीस तर बसल्या जागेवरून बोलली असतीस, "डॉक्टरसाहेब, तारा म्हंजे पेटलेला वायू. एकदा पेटवलं न मले, आता पुन्हा कायले?" आणि मी तुझी धाकटी बहीण, घाटंजीच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेली, पदर तोंडाला लावून गप्प बसले. तो राग अजून उतरलेला नाही. पाच दिवस झाले, येईल त्याच्यावर खेकसते आहे. आज तुझी पाळी आहे, कारण खरी गुन्हेगार तूच आहेस.

आधी दुर्बिणीचं सांगते. तुझ्या प्रशांतला ती कार्यक्रमात फोटोशेजारी ठेवायची होती, आईची आवड म्हणून. पोराचा हेतू चांगला. पण आणली कशी? त्याचे तीन मित्र. एकानं नळीचं तोंड धरलेलं, दुसरा वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीलाच मूठ समजून लटकलेला, तिसरा नुसता "सांभाळून, सांभाळून" म्हणत मागून. झाकण कुठं ठेवलं ते कुणालाच माहीत नाही. मग फोटोला घातला तसा तिलाही झेंडूचा हार घातला. दुर्बिणीला हार, ताई! समोर मेणबत्त्या, अगरबत्त्या, धूर. संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर मी टॉर्च मारून आत पाहिलं तर तळाच्या आरशावर पाकळ्या. नळी जमेल तेवढी खाली झुकवली, पाकळ्या घरंगळत बाहेर आल्या. एक मात्र आरशाला चिकटून बसली ती बसलीच. पुसायचं नसतं हे मला ठाऊक आहे, उगाच ओरडू नकोस.

त्याच दिवशी जेवताना प्रशांत म्हणाला, "मावशी, इथल्या शाळेशी बोललो मी. हेडमास्तर काचेचं कपाट करून देऊन राह्यले. वरती पाटी लावू, कालकथित शकुंतलाबाई यांच्या स्मरणार्थ."

"आन चावी कोणापाशी राहीन?"

"ऑफिसात."

शाळेची कपाटं मला सांगतो! माझ्या शाळेतला सूक्ष्मदर्शक अशाच कपाटात होता. वर्षातून एकदा तपासणीला साहेब आले की बाहेर यायचा, साहेबांबरोबर चहा पिऊन परत आत. शेवटी भिंगाला बुरशी लागली. मी हे सगळं आवाज चढवून बोलले, सुनेनं ताटात पाहत ऐकलं. प्रशांतनं मात्र शांतपणे विचारलं, "ठीक हाय मावशी, नाई देत. पन तू एकटी उचलशील कशी?"

माझ्या कमरेला पट्टा आहे, मणक्याची गादी सरकलेली आहे, पाण्याची भरली बादली मी उचलत नाही. ती नळी सोळा किलोची. तो पुण्याला परत गेला, जाताना सांगून गेला की शुक्रवारी शाळेची गाडी येईल, तोवर विचार कर. विचार कसला करू? त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायची जबाबदारी माझी नव्हतीच. ते उत्तर तू दिलं होतंस, तीन वर्षांपूर्वी, छातीवर हात मारून.

आठवतं ना सगळं? नसेल आठवत तर मी सांगते, मला शब्द न् शब्द पाठ आहे.

सुरुवात त्या लाल खेळण्यापासून झाली. तू निवृत्त झालीस म्हणून प्रशांतनं भेट पाठवलेली. खोक्यावर शनीचा इतका मोठा फोटो की शनीला स्वतःला लाज वाटावी, आणि खाली लिहिलेलं, सहाशे पंच्याहत्तर पट! ताई, त्या सहाशे पंच्याहत्तर पटींतून आपल्याला काय दिसलं? चंद्र दिसायचा, पण तापात हुडहुडी भरलेला. तिपाईच्या काड्या इतक्या बारीक की आपण श्वास सोडला तरी चंद्र नाचायचा. तू चार दिवस जिद्दीनं डोळा लावलास आणि पाचव्या दिवशी म्हणालीस, "निमे, पेशंट मशीनीत नाई, मशीनच पेशंट हाय." मी तेव्हाही चिडले होते. शिकल्यासवरल्या माणसांना असं खोक्यावर छापून फसवतात आणि कुणी विचारत नाही. किती पोरांना अशी दुर्बीण वाढदिवसाला मिळत असेल आणि आकाशात काही नसतंच असं वाटून ती पोरं पुन्हा वर पाहत नसतील.

मग आपण यवतमाळला त्या मैदानावरच्या आकाशदर्शनाला गेलो. तिथल्या एका सद्गृहस्थानं एक डॉबसोनियन दुर्बीण दाखवली. तिपाई नाही, मोटार नाही, बटण नाही. एक जाड नळी, तळाला आरसा, आणि जमिनीवर लाकडी बैठक. तोफेसारखी दिसते आणि बोटानं ढकलली की फिरते. तू शनी पाहिलास. रांगेतला मागचा माणूस खोकला तरी तू डोळा काढेनास. नंतर त्या गृहस्थांना आपण धरून बसवलं आणि नवख्यांनी काय घ्यावं ते विचारलं. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, किती पट मोठं दिसतं ते विचारूच नका, आरसा किती रुंद आहे ते विचारा, पावसात ठेवलेल्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, तोंड जेवढं मोठं तेवढं पाणी जमतं. दुसरी, जी दुर्बीण तुम्ही रोज बाहेर काढाल तीच तुमच्यासाठी सर्वांत चांगली.

एका माणसानं एका दमात सांगितलेल्या दोन गोष्टी. त्यातली पहिली तू उचललीस, दुसरी मी. परतीच्या एसटीत आपली आर्णी येईपर्यंत आपलं भांडण सुरू होतं. मी म्हणत होते सहा इंची आरशाची घेऊ, हलकी असते, मलाही एकटीला उचलता येईल. तू म्हणत होतीस दहा.

"दहा इंची म्हंजे गॅसच्या रिकाम्या टाकीएवढं वजन होते ताई, बैठक वेगळी."

"होऊ दे."

"माह्या मणक्याचं काय?"

"तुह्या मणक्यानं कायले उचलते? मी आहो न उचलाले!"

एसटीतली दोन माणसं वळून पाहायला लागली, तरी तू छातीवर हात मारून पुन्हा तेच म्हणालीस. तुझ्या दंडांकडे पाहून मी तिकिटाची घडी घालत बसले. प्रसूतीच्या बाईला तू एका हातानं कुशीवर वळवायचीस, अर्ध्या तालुक्यानं ते पाहिलेलं. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, पण जिना चढताना धाप मलाच लागायची. त्या क्षणी मी विचारायला हवं होतं की ताई, तू काय अमरपट्टा घेऊन आलीस? नाही विचारलं. कोण विचारतं असं आपल्या बहिणीला? आणि तू तरी कशाच्या भरवशावर बोललीस? दवाखान्यात रोज माणसं मरताना पाहणारी बाई तू. दुसऱ्यांच्या नातेवाइकांना "काई सांगता येत नाई" म्हणायचीस आणि मला मात्र सरळ वचन दिलंस.

दहा इंचीच आली. तू दिलेलं वचन पाळलंस, हेही लिहिते, नाहीतर म्हणशील निमी एकांगी आहे. नळी उचलायची तुझी पद्धत दवाखान्यातली. जुनी सोलापुरी चादर बैठकीशेजारी अंथरायची, नळी तीवर निजवायची, कडा गुंडाळून मुठी करायच्या आणि स्ट्रेचरवरून खाटेवर घेतात तसं "एक, दोन, हं." तळाची बाजू, जिकडे आरसा असल्यानं सगळं वजन, ती कायम तुझी. माझ्याकडे तोंडाची हलकी बाजू. समोरच्या खोलीतून दार, दारातून चार पायऱ्या, मग अंगण. "पेशंट बाहेर काढ," असं तू म्हणालीस की मी चादर आणायची. बाहेर आणल्यावर लगेच डोळा लावू द्यायची नाहीस. आरसा घराच्या उबेतून आलेला असतो, अर्धा तास तरी गार होऊ द्यावा लागतो, नाहीतर तारे पाण्यात पडल्यासारखे हलतात. मी घाई केली की तू म्हणायचीस, "पेशंटले हवा लागू दे." तो अर्धा तास आपण पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचो आणि भांडायचो.

भांडणाला विषय कमी नव्हते. बैठक फिरताना जरा अडखळायला लागली तेव्हा तू मला न विचारता तिच्या चकत्यांवर खोबरेल तेल चोळलंस. आईनं आपल्या सगळ्या दुखण्यांवर खोबरेल चोळलं म्हणून दुर्बिणीलाही चोळायचं? आपल्या घरामागं कापसाचं जिनिंग. दिवाळीनंतर हवेत कापसाची पिसंच तरंगत असतात. पंधरा दिवसांत त्या तेलावर रुईचा थर बसून अशी खळ झाली की चंद्राकडे ढकलली तर दुर्बीण आधी हलायचीच नाही, आणि हलली की थेट जिनिंगच्या पत्र्यावर जायची. दोन दिवस मी चाकूच्या बोथट बाजूनं ते खरवडत बसले. तू शेजारी उभी राहून मला म्हणत होतीस, "पाह्य, नीट काढ." मला! तेल तुझं आणि नीट मी काढायचं!

आरसे जुळवताना मात्र तुझ्याइतका हात कुणाचा नव्हता. मागचे तीन स्क्रू तू सलाईनचा थेंब लावावा तसे फिरवायचीस, जीभ दाताखाली धरून. मी दहावीला परावर्तनाचे नियम शिकवले आणि मला ते कधी जमलं नाही. पहिल्या वर्षी आत सगळं उलटं दिसतं म्हणून मी चुकीच्या बाजूला ढकलायची आणि ग्रह हातचा जायचा. तू कधी हसली नाहीस. माझं मनगट धरून उलट्या बाजूला हलकेच न्यायचीस. त्या मनगटासाठी मी तुझी ऋणी आहे, राग असला तरी.

आता त्या दुपारचं. तू जेवून आडवी झालीस, मी बाजारातून आले तोवर सगळं होऊन गेलं होतं. दवाखान्यात नेलं, तुझ्याच जुन्या दवाखान्यात, तिथल्या नव्या सिस्टरनं मान हलवली. मग तुला स्ट्रेचरवरून हलवायची वेळ आली. त्यांनी चादरीच्या कडा गुंडाळल्या, माणूस कमी होता, मी पुढं झाले. आणि ताई, सवयीनं मी हलकी बाजू धरली. तुझ्या पायांची. वजन सगळं त्या वॉर्डातल्या मावशीवर आलं, ती म्हणाली, "बाई, इकडं या न जरा." मी हललेच नाही. मला वाटत होतं तळाची बाजू तू धरलीच आहेस.

दुसऱ्या दिवशी मला तुला खांदा द्यायचा होता. आपल्याकडे बायका जातात, खांदाही देतात, त्यात अडचण नव्हती. अडचण काय निघाली? मणका. प्रशांत म्हणाला, "मावशी, तुला नाई जमणार." गावातल्या दोन मोठ्या माणसांनी माना डोलावल्या. ज्यांना तू कोण हे धड माहीत नव्हतं, केवळ सहकारी सोसायटीत नाव आहे म्हणून आलेले, त्यांनी खांदा दिला. मी मागं रिकाम्या हातांनी चालले. पन्नास पावलं जमली असती मला. पाच तर नक्की जमली असती. पण नाही. बाईचा मणका सगळ्यांना तेवढ्यापुरता दिसतो. चार बादल्या भांडी घासताना कधी कुणाला दिसला नव्हता.

तेव्हापासून रोज संध्याकाळी गल्लीतल्या बायका बसायला येतात. कुणी पिठलं-भाकर आणतं, कुणी वरण. येतात, भिंतीला टेकतात, उसासा टाकतात, "लय चांगल्या होत्या बाई," म्हणतात, आणि गप्प. त्यांचं मन खरं आहे, मला कळतं. पण पंधरा दिवस त्या गप्प बसण्यासमोर बसून माझं डोकं फिरायला लागलं. समोरच्या खोलीत मधोमध ती दुर्बीण, तिच्या दोन्ही बाजूंना बायका, आणि जणू तीच गेली आहे असे सगळ्यांचे चेहरे.

काल गुरुवार. म्हणजे आज गाडी येणार होती. काल दिवेलागणीला नेहमीप्रमाणे पाच जणी आल्या. त्यात कुंपणापलीकडच्या कांताबाई होत्या. तुला त्या आवडायच्या, त्यांचं वावर आर्णीच्या बाहेर, कापसाचं. दिवसभर वेचणी करून आलेल्या, बोटांना बोंडांचे ओरखडे. त्यांनी बसता बसता उसासा टाकला आणि माझा तोल गेला.

"बसू नका," मी म्हणाले. "रोज बसता, बसून काय होते? उठा. एवढं उचला, अंगणात नेऊन ठेवा. उद्या हे जाणार हाय, जायच्या आधी एकदा तं पाहू द्या मले."

मला वाटलं बायका रागावतील. त्या उठल्या. मी सोलापुरी चादर आणली, तुझ्यासारखीच अंथरली, नळी निजवून घेतली, कडा गुंडाळायला सांगितल्या. चौघींनी चार कोपरे धरले. एक, दोन, हं म्हणायच्या आधीच दोघींनी उचललं, दोघींनी नाही. नळी तळाच्या बाजूला कलली, आरसा आत खडखडला, मी अशी किंचाळले की समोरच्या दुकानातला माणूस रस्त्यावर आला. "ठेवा! ठेवा खाली! आरसा फुटंन!"

कांताबाई बाजूला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तरीनबाई, हे किती वजनाचं हाय?"

"सोळा किलो."

"सोळा?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी तीस वर्षं शाळेत कुणाकडे तसं पाहिलं नसेल. "आन त्याले चार बाया? कापसाचं गाठोडं याच्या दुप्पट रायते."

त्यांनी दोरीवरचा टॉवेल ओढला, पीळ देऊन गोल वळला, चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली. खाली बसल्या. "धरा जरा," म्हणाल्या. दोघींनी नळी उचलून त्यांच्या डोक्यावर आडवी टेकवली. त्यांनी एकदा हातानं मागंपुढं सरकवून तोल पाहिला आणि उठल्या. एका हातानं नळीला नुसता आधार. मी म्हणत होते थांबा, पायऱ्या हायेत, झाकण नाई, आरसा आहे आत. "गप राय व बाई," कांताबाई म्हणाल्या आणि दारातून वाकून, चार पायऱ्या उतरून, अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. थेंबभर पाणी सांडलं नसतं अशा चालीनं. बैठक दोघींनी मागून नेली, मग नळी उतरवून तीवर बसवली.

ताई, तीन वर्षं आपण ती चादर ओढत होतो. "एक, दोन, हं." तीन वर्षं तुझं दंडांचं कौतुक आणि माझं मणक्याचं रडगाणं. आणि कुंपणापलीकडे ही बाई होती.

मी तसं बोलून दाखवलं. म्हणाले, "कांताबाई, तुमी आधी काहून नाई सांगतलं?"

त्या चुंबळ सोडत होत्या. टॉवेल झटकून दोरीवर टाकला आणि मग बोलल्या, आणि ज्या आवाजात बोलल्या त्या आवाजाची मला सवय नाही. "कायले सांगू? तीन साल आमी कुंपणावरून पाहून राह्यलो, दोघी बहिनी भोंगा उचलता, शेंगा खाता, हासता. आमाले वाटे, बलावतीन. सिस्टरबाईले एक डाव म्हटलं मी, मले बी पाहू द्या. तं म्हने, हात नोका लावू, आरसा फुटंन. मंग आमी नाई आलो."

तू असं म्हणाली होतीस? मला कधी सांगितलं नाहीस. म्हणाली असशील, मी तुझा आवाज ओळखते. आणि मी काय कमी? मी तर बोलावायचा विचारसुद्धा केला नाही. शाळांमधल्या कपाटांना नावं ठेवणारी मी! आपलं कपाट बिनकाचेचं होतं, एवढाच फरक. चावी आपल्या दोघींच्या कमरेला. मला कांताबाईंपुढे मान वर करवेना. त्यांचा राग माझ्या रागापेक्षा जुना होता आणि जास्त खरा होता.

मी पंचवीस मिलिमीटरची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बसवली, आधी नेहमी तीच, कमी पटीची, म्हणजे आकाशाचा मोठा तुकडा दिसतो. प्रशांतच्या मित्रमंडळींनी लटकून आरसे हलवून ठेवले होते. ते तीन स्क्रू तुझ्याशिवाय मी कधी हात न लावलेले. जीभ दाताखाली धरून पाहिली. नीट नाही जमलं, थोडं जमलं. डोक्यावर अर्धा चंद्र होता, त्याला तेवढं पुरतं. उजेड-अंधाराच्या रेषेवर त्याचे डोंगर आले तेव्हा मी बाजूला झाले आणि कांताबाईंना पुढं केलं.

त्यांनी डोळा लावला. मग घाईघाईनं म्हणाल्या, "अव, चांद पळून राह्यला! गेला, गेला, गेला!"

"चांद नाई पळत," मी म्हणाले, "आपन फिरतो, जमीन फिरते, म्हून तो निसटते. ढकला हळू. तिकडं नाई, उलट्या बाजूनं." आणि मी त्यांचं मनगट धरलं.

पाचही जणींनी पाहिलं. एकीनं दोनदा. कुणी तुझी आठवण काढली नाही, उसासा टाकला नाही, आपसात नंबरावरून भांडल्या. सगळं झाल्यावर कांताबाईंनी पुन्हा चुंबळ केली आणि नळी आत आणून ठेवली. जाताना म्हणाल्या, "उद्या काय दाखवता?" मी म्हणाले, गुरू. त्या म्हणाल्या, "मंग सात वाजता येतो," आणि माझ्या होकाराची वाट न पाहता गेल्या.

मी प्रशांतला फोन केला. म्हटलं, शाळेची गाडी येऊ देऊ नकोस, शाळेतली पोरं येऊ दे, वर्गावर्गानं, इथं अंगणात. त्यानं विचारलं, "पन मावशी, उचलन कोण?" मी म्हणाले, "कांताबाई. डोक्यावर." तो हसायला लागला. हसता हसता रडला, तुझ्यासारखाच, नाकातून आवाज काढून. मीही रडले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा असं रडले की त्यात राग नव्हता.

राग नंतर परत आला, ताई, काळजी करू नकोस. माझा तुझ्यावर राग आहे आणि तो मी जपून ठेवणार आहे. वचन देऊन गेलीस याचा आहे, कांताबाईंना परतवलंस याचा आहे. पण एक हिशोबात न बसणारी गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

मागच्या मे महिन्यात जेवणं झाल्यावर तू शौरी तारकासमूहातला तो ताऱ्यांचा झुबका शोधलास. तू पाहिलंस आणि बाजूला झालीस. मी डोळा लावला. मोजता येणार नाहीत एवढे तारे, एकेक सुटा, टोचून काढलेला, थेट मधल्या गर्दीपर्यंत. माझ्या हातातली शेंग खाली पडली. तू विचारलंस, "आता बोल, दहा इंची चुकली काय?" मी काय म्हणाले? म्हणाले, "सहा इंचीतबी एवढंच दिसलं असतं." तू हसलीस, नळीवर थाप मारलीस, विषय संपला.

ते खोटं होतं. तुला माहीत नाही, पण यवतमाळच्या त्या मैदानावर तू शनीच्या रांगेत उभी होतीस तेव्हा त्या गृहस्थांनी मला शेजारच्या सहा इंचीतून तोच झुबका दाखवला होता. धुराचा एक गोळा होता, पुसलेल्या फळ्यासारखा. एकही तारा सुटा दिसला नव्हता. एसटीत मी सहा इंचीसाठी भांडले तेव्हा मला ते माहीत होतं, आणि मे महिन्यात तर पक्कं माहीत होतं. भांडण हरायचं नव्हतं म्हणून बोलले नाही. वाटलं, सांगू कधीतरी, ही कुठं चालली आहे.

तू बरोबर होतीस, ताई. दहा इंचीच बरोबर होती. एवढं ऐकायला थांबली असतीस तर तुझं काय बिघडलं असतं?